अलार्म वाजला, पण दार उघडणार का? तुमच्या ऑफिसातल्या एका वायरीची गोष्ट

सकाळी ऑफिसला पोहोचलात. दाराशेजारच्या मशीनला कार्ड टेकवलं, टिक असा आवाज आला, दार ढकललं आणि आत गेलात. चहाला बाहेर पडताना पुन्हा कार्ड, जेवायला जाताना पुन्हा कार्ड. दिवसातून दहा-बारा वेळा आपण हे करतो आणि त्याचा विचारही करत नाही.

आता एक प्रश्न. मजल्यावर आग लागलीय, लाईट गेलीय, धूर भरलाय आणि तुमचं कार्ड डेस्कवरच्या बॅगेत राहिलंय. ते दार उघडेल का?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण सांगतात, "उघडेल की. अलार्म वाजला की आपोआप उघडत असणार."

असणार. पण ते नक्की उघडतं का, हे कुणी करून पाहिलंय? कारण ते दार स्वतःच्या अकलेने उघडत नाही. आगीचा अलार्म आणि दाराचं लॉक या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. त्या वेगवेगळ्या कंपन्या बसवतात आणि त्यांना जोडणारी असते एक वायर. ती वायर टाकलेली असेल आणि नीट टाकलेली असेल, तरच दार उघडतं. नसेल तर अलार्म कितीही जोरात वाजला तरी दार जागचं हलत नाही.

म्हणून आज ही वायर नेमकं काय करते, ती कुठे चुकते आणि आपल्या इमारतीत ती आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास, कारण बंद दारांचा इतिहास मोठा आहे

आगीच्या मोठ्या दुर्घटना काढून बघितल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाहेर जायला वाट होती, पण ती बंद होती.

२५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार गेले. त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. जिन्याकडे जाणारं एक दार कुलूपबंद होतं. कारण काय, तर कामगारांनी माल चोरू नये आणि मधेच बाहेर जाऊ नये.

आपल्याकडे १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 'बॉर्डर' सुरू असताना तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली. धूर वर बाल्कनीत चढला आणि ५९ जणांचा जीव गेला. तिथे जादा खुर्च्या टाकण्यासाठी वाटा अडवलेल्या होत्या, बाल्कनीचा एका बाजूचा रस्ता बंद केलेला होता. आगीच्या ज्वाळा बाल्कनीपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. लोक गेले ते धुराने गुदमरून.

८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या अनाज मंडीतल्या कारखान्यात ४३ कामगार गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याजवळ उरुळी देवाची इथे कपड्याच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि दुकानाला बाहेरून कुलूप होतं. पाचही जण गेले.

या सगळ्या ठिकाणी कुलूप लावणाऱ्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. बहुतेकदा त्याला चोरी थांबवायची असते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं भांडण इथेच आहे.

फरक एवढाच की तेव्हा कुलूप लोखंडी होतं, आता ते इलेक्ट्रॉनिक आहे. लोखंडी कुलूप डोळ्यांना दिसतं. तपासणीला आलेला माणूस "हे कुलूप काढा" असं सांगू शकतो. इलेक्ट्रॉनिक लॉक काचेच्या चकाचक दारावर वरच्या कोपऱ्यात बसलेलं असतं आणि ते कुणाला कुलूप वाटतच नाही.

हे लॉक चालतं कसं?

ऑफिसात, बँकेत, हॉस्पिटलात जे लॉक सगळ्यात जास्त दिसतं त्याला मॅग्नेटिक लॉक म्हणतात. दाराच्या चौकटीला वर एक चपटी धातूची पेटी असते. तिच्यात विद्युतचुंबक असतो. दारावर तिच्यासमोर एक लोखंडी पट्टी असते. करंट सुरू असला की चुंबक ती पट्टी धरून ठेवतो. करंट गेला की चुंबकाची ताकद जाते आणि दार सुटतं. शाळेत खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलायचो, तोच प्रयोग.

फक्त इथली ताकद टाचण्या उचलण्याइतकी नसते. बाजारात मिळणारी साधी लॉकं ६०० पाउंडांची असतात, म्हणजे साधारण २७० किलो. मोठी १,२०० पाउंडांची, म्हणजे ५४० किलोच्या घरात. धुरात खोकत असलेला माणूस सोडा, चार धडधाकट माणसांनी ओढलं तरी हे दार सहज निघत नाही.

आता दुसरी यंत्रणा, आगीचा अलार्म. छतावर धूर ओळखणारे डिटेक्टर असतात. भिंतीवर काच फोडून दाबायची लाल डबी असते. या सगळ्यांच्या वायरी एका पॅनलला येतात. हे पॅनल बहुधा लॉबीत किंवा सिक्युरिटीच्या केबिनमध्ये असतं. डिटेक्टरने धूर पकडला की पॅनल भोंगे वाजवतं.

पण पॅनलचं काम भोंगे वाजवण्यापुरतं नसतं. त्याच्यात रिले नावाचे छोटे स्विच असतात आणि त्यातून ते इमारतीतल्या बाकी यंत्रांना हुकूम देऊ शकतं. लिफ्टला सांगतं, खाली ये आणि दार उघडून थांब. एसीला सांगतं, पंखे बंद कर, म्हणजे धूर डक्टमधून सगळ्या मजल्यांवर जाणार नाही. आणि दाराच्या लॉकला सांगतं, सोड.

हे 'सोड' म्हणणं अगदी साधं आहे. लॉकला जाणारा करंट पॅनलच्या रिलेमधून फिरवून नेलेला असतो. एरवी रिले बंद स्थितीत असतो, करंट वाहतो, दार पक्कं राहतं. अलार्म झाला की रिले उघडतो, करंट तुटतो, दार सुटतं. यात कॉम्प्युटर नाही, इंटरनेट नाही, ॲप नाही. एक सर्किट तुटतं आणि दार मोकळं होतं, एवढंच.

आणि ते इतकं साधं आहे म्हणूनच ते भरवशाचं आहे.

'फेल-सेफ' आणि 'फेल-सिक्युअर' म्हणजे काय?

लॉक विकत घेताना हे दोन शब्द कानावर पडतात. अर्थ सोपा आहे. वीज गेल्यावर जे लॉक उघडं राहतं ते फेल-सेफ. वीज गेल्यावर जे बंदच राहतं ते फेल-सिक्युअर.

मॅग्नेटिक लॉक जन्मतःच फेल-सेफ असतं, कारण करंटशिवाय ते धरूच शकत नाही. पण इलेक्ट्रिक स्ट्राइक किंवा इलेक्ट्रिक बोल्ट नावाची लॉकं दोन्ही प्रकारांत मिळतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

फेल-सिक्युअर लॉक वाईट असतं असं नाही. सर्व्हर रूमला किंवा तिजोरीच्या खोलीला ते लागतंच. शिवाय आतून नुसतं हँडल खाली दाबून दार उघडत असेल तर फेल-सिक्युअर लॉकही सुरक्षित ठरतं, कारण बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही पण आतला बाहेर जाऊ शकतो. धोका तेव्हा होतो, जेव्हा आतूनही कार्ड किंवा बोटाचा ठसा लागतो आणि लॉक फेल-सिक्युअर असतं. तेव्हा वीज गेली की आतली माणसं अडकली.

सगळ्यात फसवी चूक: बॅटरी

आता तुम्ही म्हणाल, मॅग्नेटिक लॉक असेल तर काळजी कसली? आग लागली की वीज जातेच, मग दार उघडणारच.

इथेच घोळ होतो. वीज गेली की दार उघडं पडू नये म्हणून लॉकच्या सप्लायला बॅटरी जोडलेली असते. आपल्याकडे लोडशेडिंग आणि फॉल्ट नवीन नाहीत. प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर ऑफिस सताड उघडं पडलं तर कसं चालेल? म्हणून बॅटरी. एरवी यूपीएसला जी छोटी बॅटरी लागते, तसलीच एक बॅटरी एखादं लॉक कित्येक तास धरून ठेवू शकते.

म्हणजे इमारतीची वीज जाईल, दिवे जातील, पण दार मात्र बॅटरीवर इमानदारीत बंद राहील.

यावर उपाय अलार्मच्या रिलेचाच. पण हा रिले कुठे जोडला यावर सगळं अवलंबून आहे. तो बॅटरीच्या पुढे, म्हणजे बॅटरी आणि लॉकच्या मधे असला पाहिजे. मग मेन सप्लाय असो की बॅटरी, अलार्म झाला की दोन्ही तुटतात. काही वेळा मात्र तो बॅटरीच्या मागे, मेन सप्लायच्या बाजूला जोडला जातो. मग अलार्म झाला की रिले मेन सप्लाय तोडतो, बॅटरीला वाटतं लाईट गेली, आणि ती लगेच लॉकला करंट पुरवू लागते. दार बंदच.

यातली गंमत म्हणा की भीती म्हणा, ती पुढे आहे. चाचणीच्या दिवशी बॅटरी जुनी आणि उतरलेली असेल तर दार उघडतं. सगळे खूश, रजिस्टरवर सही होते. मग महिन्याभराने मेंटेनन्सवाला येतो, जुनी बॅटरी काढून नवी कोरी बसवतो. काम अगदी चोख केलेलं असतं. आणि त्या दिवसापासून ते दार आगीत उघडणार नसतं. कुणालाच कळत नाही.

म्हणून अशा दाराची चाचणी नेहमी चार्ज झालेली बॅटरी जोडून करायची असते.

काही दारं उघडायची असतात, काही बंद व्हायची असतात

'अलार्म झाला की सगळी दारं उघडली पाहिजेत' हा अर्धाच नियम आहे. इमारतीत दुसऱ्या प्रकारची दारंही असतात, ती अलार्म झाला की बंद झाली पाहिजेत.

ही म्हणजे फायर डोअर. जिन्याच्या तोंडाशी, लांबलचक कॉरिडॉरच्या मधे ही जाड दारं असतात. त्यांचं काम धूर आणि आग अडवणं. जिना हा सगळ्या मजल्यांचा बाहेर पडायचा रस्ता. त्याच्यात धूर शिरला तर तो धुराडं बनतो.

पण रोजच्या वापरात ही दारं त्रासदायक वाटतात. स्ट्रेचर न्यायचं असतं, ट्रॉली न्यायची असते. मग कुणीतरी दाराला वीट लावून ठेवतं, कुणी कुंडी, कुणी चक्क आग विझवायचा सिलिंडर. आग लागली की ती वीट काढायला कुणी परत येत नाही.

९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९ मजली इमारतीत हीटरमुळे एका फ्लॅटला आग लागली. आग फार पसरली नाही. पण फ्लॅटचं आपोआप बंद व्हायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं आणि धूर जिन्यातून वर गेला. १७ जण गेले, त्यात ८ मुलं होती.

यावरचा उपाय पुन्हा चुंबकच. दार भिंतीला टेकवून मॅग्नेटिक होल्डरने उघडं धरायचं. अलार्म झाला की करंट तुटतो, होल्डर दाराला सोडतो आणि वर बसवलेला डोअर क्लोजर ते दार ओढून बंद करतो. बंद झालं तरी ते हाताने ढकलून उघडता येतंच.

म्हणजे तीच वायर, तोच रिले. एका ठिकाणी करंट तुटल्यावर दार मोकळं होतं, दुसऱ्या ठिकाणी करंट तुटल्यावर दार मिटतं. आणि जिन्याच्या दाराला दोन्ही लागतं. त्याचं लॉक सुटलं पाहिजे, पण दार सताड उघडं राहता कामा नये.

विजेवर चालणारं दार आणि जळालेली वायर

१८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियातल्या देगू शहरात मेट्रोत एका माणसाने आग लावली. आग लागलेली गाडी स्टेशनवर उभी असताना समोरून दुसरी गाडी येऊन तिच्या शेजारी थांबली. तिथल्या यंत्रणेने आग ओळखून वीज तोडली, त्यामुळे दुसऱ्या गाडीला निघता येईना. आणि त्या गाडीचा चालक पळून जाताना मास्टर की काढून घेऊन गेला. किल्ली काढल्याबरोबर दारांची यंत्रणा बंद पडली. दोन्ही गाड्यांत मिळून १९२ लोक गेले, त्यातले बहुतेक या दुसऱ्या गाडीतले होते.

आपल्याकडचं उदाहरण अगदी ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन बस जळाल्या. १४ तारखेला जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या एसी बसमध्ये वीसहून जास्त लोक गेले. २४ तारखेला हैदराबादहून बंगळुरूला जाणाऱ्या बसखाली कर्नूलजवळ मोटरसायकल अडकली, आग लागली आणि १९ प्रवासी गेले. दोन्ही अपघातांनंतर दार जाम झाल्याची माहिती सुरुवातीलाच समोर आली.

यातून शिकायचं काय? दार ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, तीच गोष्ट आग आधी खाऊन टाकते. वायर वितळते, कंट्रोल बोर्ड जळतो, वीज जाते. म्हणून चांगल्या रचनेचा पहिला नियम असा, की बिघाड झाला तर दार उघडं राहिलं पाहिजे. वायर तुटली, तरी उघडं. बोर्ड जळाला, तरी उघडं. आणि दुसरा नियम, एवढं सगळं करूनही दाराजवळ हाताने चालणारी एक सोय असलीच पाहिजे.

इमारतीत ही सोय म्हणजे दाराजवळची हिरवी डबी. लाल डबी आगीचा अलार्म वाजवते, हिरवी डबी थेट त्या दाराच्या लॉकचा करंट तोडते. ती सॉफ्टवेअरला विचारत नाही, कंट्रोलरला विचारत नाही. बरेच जण दाराजवळच्या 'एक्झिट' बटणाला हीच सोय समजतात. पण साधं एक्झिट बटण बहुधा कंट्रोलरला विनंती पाठवतं आणि मग कंट्रोलर दार उघडतो. कंट्रोलर हँग झाला तर बटण दाबत बसा.

अमेरिकेत 'एनएफपीए १०१' नावाचा जीवसुरक्षेचा कोड आहे. त्यात अशा दारांसाठी चारही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत: आतून माणूस जवळ आला की सेन्सरने दार सुटलं पाहिजे, वीज गेली की सुटलं पाहिजे, अलार्म झाला की सुटलं पाहिजे, आणि दारापासून पाच फुटांच्या आत हाताने दाबायचं बटण हवं जे थेट करंट तोडेल आणि किमान ३० सेकंद तोडलेला ठेवेल. ब्रिटनने तर अलार्मवरून दारं सोडण्याच्या विषयावर 'बीएस ७२७३' या मालिकेत एक स्वतंत्र भागच काढलाय.

एकावर भरवसा नको म्हणून चार. यात कुणाला अतिरेक वाटेल, पण देगूनंतर वाटू नये.

मग सगळीकडे ही जोडणी का नसते?

पहिलं कारण, चोरीची भीती. मॉलवाल्याला वाटतं, कुणी मुद्दाम लाल डबीची काच फोडली की सगळी दारं उघडणार आणि माल घेऊन लोक पळणार. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उत्तरं आहेत. दार उघडल्याबरोबर जोरात वाजणारा सायरन लावता येतो, कॅमेरा लावता येतो. काही देशांत उशिरा उघडणाऱ्या दारालाही परवानगी आहे. म्हणजे एरवी दाराची दांडी दाबली की सायरन वाजतो आणि १५ सेकंदांनी दार सुटतं. मात्र खरा अलार्म झाला की ते लगेच सुटतं, त्यात उशीर चालत नाही.

दुसरं कारण, खोटे अलार्म. पॅन्ट्रीत टोस्ट जळाला, कुणी वॉशरूममध्ये सिगारेट ओढली, डिटेक्टरवर धूळ बसली, की भोंगा. असं चार वेळा झालं की सिक्युरिटी वैतागते आणि कुणीतरी ती दारांची जोडणी 'तात्पुरती' काढून ठेवतं. तात्पुरती काढलेली वायर पुन्हा कुणी जोडत नाही, हे आपल्याला घरातल्या बेलपासून माहीत आहे.

तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते तेच खरं आहे. आगीच्या अलार्मचं टेंडर एकाकडे, कार्ड सिस्टिमचं दुसऱ्याकडे, दारं आणि काच बसवायचं काम इंटेरियरवाल्याकडे. अलार्मवाला म्हणतो, मी पॅनलमध्ये रिले दिलाय, पुढचं त्यांनी बघावं. कार्डवाला म्हणतो, मला कुणी वायर आणून दिली नाही. इंटेरियरवाला तोवर फॉल्स सीलिंग बंद करून बिल लावून मोकळा. तिघांचंही काम कागदावर पूर्ण असतं. मधली वायर कुणाच्याच यादीत नसते.

आणि ऑफिस नंतर पुन्हा बदलतं. नवीन पार्टिशन, नवीन केबिन, नवीन दार, नवीन लॉक. इमारतीला फायरची एनओसी मिळाली तेव्हा ते दार तिथे नव्हतंच.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये, चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेचा आहे. त्यातला एक नियम साधा आहे: बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. कार्ड, पिन आणि बोटाचा ठसा या आजच्या किल्ल्याच आहेत. त्यामुळे धूर भरल्यावर त्यांच्याशिवाय दार उघडत नसेल, तर त्या नियमाचा हेतूच मोडला.

पण ही संहिता म्हणजे नमुना आहे. ती लागू करायची राज्यांनी आणि महापालिकांनी. महाराष्ट्रात त्यासाठी 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे. त्यात जबाबदारी थेट इमारतीच्या मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकलेली आहे. त्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. यालाच 'फॉर्म बी' म्हणतात.

म्हणजे कायदा आहे, तारीख ठरलेली आहे, फॉर्म आहे. प्रश्न एवढाच, की फॉर्म भरताना अलार्म वाजतो का एवढंच पाहिलं जातं, की अलार्म वाजल्यावर प्रत्येक दार सुटतं का हेही पाहिलं जातं. भोंगा वाजवून बघायला दोन मिनिटं लागतात. आठ मजल्यांची प्रत्येक दारं ढकलून बघायला अर्धा दिवस लागतो.

पण नुसती वायर जोडून भागतं का?

नाही. ही जोडणी म्हणजे साखळीतली शेवटची कडी.

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समध्ये रूफटॉप पबला आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेच जण जीव वाचवायला वॉशरूममध्ये शिरले होते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाईट क्लबमध्ये २५ जण गेले. त्यात मोठी संख्या तिथे काम करणाऱ्यांची होती, आणि अनेक जण खालच्या मजल्यावर अडकले होते. अशा ठिकाणी कुठल्या दाराचं लॉक सुटलं असतं म्हणून सगळे वाचले असते, असं म्हणता येत नाही. तिथे मुळात पुरेशा वाटा होत्या का, हा प्रश्न आहे. ज्या दाराच्या मागे खोके रचलेत, जे दार आत उघडतं, ज्याच्यापुढचा जिना अडगळीने भरलाय, ते लॉक सुटूनही कामाचं नाही.

उलटही खरं आहे. जिना मोकळा, पाट्या लावलेल्या, सगळं नियमाने, आणि दार मात्र बॅटरीवर घट्ट बंद. तर बाकीचा सगळा खर्च वाया.

मग तुम्ही काय तपासाल?

यासाठी इंजिनियर असायची गरज नाही. ऑफिसात असाल तर ॲडमिनला किंवा सोसायटीत असाल तर कमिटीला पुढचे प्रश्न विचारा.

• बाहेर जाताना आतूनही कार्ड किंवा ठसा लागतो अशी किती दारं आहेत?

• ही दारं आगीच्या अलार्मला जोडलेली आहेत का, आणि अलार्म वाजवून ती सुटतात हे शेवटचं कधी पाहिलं? तारीख मागा.

• चाचणी करताना बॅटरी चार्ज होती का? नवी बॅटरी बसवल्यावर पुन्हा चाचणी केली का?

• प्रत्येक दाराजवळ हिरवी डबी आहे का? ती फोडल्यावर थेट करंट तुटतो, की कंट्रोलरमार्फत दार उघडतं?

• अलार्म पॅनलवर एखादा भाग 'बंद' करून ठेवल्याचा दिवा लागलेला आहे का? असेल तर तो कुणी आणि का बंद केला?

• जिन्याची दारं वीट किंवा कुंडी लावून उघडी ठेवली आहेत का?

सोसायटीत आणखी एक जुनं दुखणं आहे, गच्चीचं दार. पोरं वर जाऊन दंगा करतात म्हणून त्याला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. सेक्रेटरी गावाला. खालून धूर आला आणि लोक वर धावले तर पुढे कुलूप. तिथेही आतून दांडी दाबली की उघडणारं आणि उघडल्यावर भोंगा वाजवणारं दार बसवता येतं. पोरांचा बंदोबस्त भोंगा करेल.

घरात डिजिटल लॉक बसवलं असेल तर आतल्या बाजूने बॅटरी काढून बघा, नुसत्या हाताने दार उघडतं का. लोखंडी सेफ्टी डोअरला आतून किल्ली लावून झोपत असाल तर ती किल्ली अंधारात हाताला लागेल अशा एकाच ठरलेल्या जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या लहान मुलालाही माहीत असू द्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशभरात आगीच्या अपघातांत ७,४०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्यातले सगळे बंद दारामागे झाले नाहीत. पण ज्या ठिकाणी दार हेच कारण होतं, तिथे उपाय फार महाग नव्हता. एक रिले, एक वायर, आणि ती बरोबर जागी जोडली आहे हे पाहणारा एक माणूस.

उद्या ऑफिसला गेलात की कार्ड टेकवण्याआधी दाराच्या वरच्या कोपऱ्यात ती चपटी पेटी दिसते का बघा. दिसली तर ॲडमिनला एवढंच विचारा, "हे दार अलार्मला जोडलंय का?" उत्तर 'असणार' असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारा, "चला, एकदा वाजवून बघू?"